शहराच्या खात्यावर पेटंट कसं पडतं?

अमेरिकेतल्या कोणत्या महानगराला वर्षाला किती पेटंट मिळाली, याची क्रमवारी निघाली की सॅन होजे वरच असतं. सिलिकॉन व्हॅलीच ती, त्यात नवल नाही. पण अमुक पेटंट अमुक शहराचं, हे ठरतं कसं? एक पेटंट हातात घेऊन पाहू.

अमेरिकी पेटंट क्रमांक 4131919. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात, कोडॅक कंपनीत, स्टीव्हन सॅसन यांनी डिसेंबर 1975 मध्ये डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना जुळवला. त्याचा अर्ज मे 1977 मध्ये गेला आणि पेटंट मिळालं डिसेंबर 1978 मध्ये. मग हे कोणत्या सालात धरायचं? मंजुरीचं साल घेतलं, तर पेटंट कार्यालयात फायली तुंबल्या की शहर मागे पडल्यासारखं दिसतं. म्हणून बरेच अभ्यासक अर्जाचं साल घेतात. पण त्यात अलीकडची दोन-तीन वर्षं नेहमीच रोडावलेली दिसतात, कारण त्या वर्षांतले कितीतरी अर्ज अजून निकाली निघालेले नसतात. आलेखाच्या शेपटाकडची घसरण बहुधा या प्रकारची असते.

पुढचा प्रश्न पत्त्याचा. पेटंटवर मालकाचा पत्ता असतो आणि संशोधकांचाही. मालकाच्या पत्त्यावर मोजलं तर घोळ होतो. आयबीएमचं मुख्यालय न्यूयॉर्क राज्यातल्या अरमाँक या छोट्या गावात आहे. मग व्हर्माँटमधल्या बर्लिंग्टनजवळच्या तिच्या तेव्हाच्या चिप कारखान्यात इंजिनिअरांनी जे शोधलं, तेही अरमाँकच्या नावावर चढेल. म्हणून संशोधकाचं राहतं गाव पाहतात. लक्षात घ्या, राहतं गाव, प्रयोगशाळेचं नव्हे. माणूस राहतो एकीकडे आणि कामाला जातो दुसरीकडे. मोजणी शहराच्या हद्दीत न करता महानगर क्षेत्रात करायची, ती याचसाठी. अमेरिकेत मुख्य शहराची काउंटी आणि जिथून तिथे रोज मोठ्या प्रमाणावर कामासाठी ये-जा होते त्या काउंट्या जोडून हे क्षेत्र ठरवतात.

संशोधक एकाहून जास्त असले तर? अमेरिकी पेटंट कार्यालयाचे महानगरवार तक्ते पहिल्या नावावर जात. आपल्या पेटंटवर पहिलं नाव गॅरेथ लॉइड यांचं आहे. जगाला माहीत असलेले सॅसन दुसरे. दोघंही कोडॅकचेच, त्यामुळे इथे बिघडत नाही. पण आजच्या एखाद्या पेटंटवर सॅन होजेचे तीन आणि शेवटी पुण्याचा एक असेल, तर या रीतीने सॅन होजेला एक आणि पुण्याला शून्य. वाटे पाडून मोजलं तर पाऊण आणि पाव. मला ही दुसरी रीत अधिक प्रामाणिक वाटते.

मग हा आकडा लोकसंख्येने भागायचा. इथे गंमत होते. ऑरेगनमधलं कॉर्वॅलिस हे महानगर म्हणवतं, पण अख्खी काउंटी धरूनही वस्ती लाखाच्या आत. तिथे एचपीचं इंकजेट प्रिंटरचं मोठं केंद्र, म्हणून दरडोई पेटंटांत ते थेट सॅन होजेच्या पंगतीला. हा आकडा शहराचा म्हणायचा की एका कंपनीचा? त्या कंपनीने काम दुसरीकडे हलवलं तर शहराची बुद्धी एका रात्रीत आटली असं कोणी म्हणणार नाही, पण तक्ता तेच म्हणेल.

शिवाय सगळी पेटंट सारखी नसतात. डिजिटल कॅमेऱ्याचं पेटंट तक्त्यात एकच भरतं, आणि डबीच्या झाकणातल्या किरकोळ सुधारणेचंही एकच. यावर उपाय म्हणून पुढच्या पेटंटांनी त्याचा किती वेळा हवाला दिला ते पाहतात. अर्थशास्त्रज्ञ मानुएल ट्रायटेनबर्ग यांनी 1990 मध्ये सीटी स्कॅनरच्या पेटंटांवर हे तपासलं. नुसती संख्या संशोधनावरच्या खर्चाशी जुळत होती. समाजाला झालेल्या फायद्याशी जुळली ती हवाल्यांचं वजन दिलेली मोजणी.

तरीही बरंच काही मोजणीबाहेर राहतं. हॉलिवूडची पटकथा कॉपीराइटमध्ये जाते, कारखान्यातली खास कृती अनेकदा गुपित म्हणून ठेवली जाते. आणि पेटंट असलं म्हणजे शहराचं भलं झालं, असंही नाही. ज्या कोडॅकने डिजिटल कॅमेरा पहिला जुळवला तिने जानेवारी 2012 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि डिजिटल छायाचित्रणाची पेटंट सुमारे 52.5 कोटी डॉलरला विकली. माझ्या मते पेटंटांची संख्या शोध लावणारे कुठे राहतात हे बऱ्यापैकी सांगते. शोधाचं पुढे काय झालं, हे ती सांगतच नाही.

भारतातले आकडे वाचताना आणखी एक सावधगिरी हवी. आपल्याकडे पेटंट कार्यालयं चार: कोलकाता, दिल्ली, मुंबई, चेन्नई. मुंबई कार्यालयाकडे महाराष्ट्राबरोबर गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गोवाही येतात. परदेशी अर्जदाराचं कार्यालय तर त्याने पत्रव्यवहारासाठी दिलेल्या भारतातल्या पत्त्यावरून, म्हणजे बहुधा त्याच्या वकिलाच्या पत्त्यावरून, ठरतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शोधांवर अर्जदार म्हणून नाव असतं तिच्या पालक संस्थेचं, दिल्लीच्या सीएसआयआरचं. तेव्हा बातमीत ‘मुंबईत इतके पेटंट अर्ज’ असं वाचलंत, तर ती मुंबई शहर आहे की कार्यालय, एवढं आधी बघा.