भंगारात देण्याआधी थांबा!

आजोबांच्या माळ्यावर काळ्या तबकड्या सापडल्या? मलकापूरकर दोस्तांनो, भंगारवाल्याला हाक मारू नका. ७८ आरपीएमची रेकॉर्ड लाखेच्या मिश्रणाची. हातातून पडली की तुकडे! एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं गाणं. पण ती तीन मिनिटं लाखमोलाची. आपल्या कोल्हापूर दरबारचे गायक अल्लादियाखाँ (१८५५-१९४६) आज ऐकायला मिळत नाहीत. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर मिळतात, कारण त्यांच्या रेकॉर्ड निघाल्या. त्यांची भैरवी तर १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली! मग काय कराल? तबकड्या उभ्या ठेवा, मऊ कोरड्या कापडाने पुसा, लेबलवरचं नाव-नंबर वहीत उतरवा. जुन्या बोथट सुईवर वाजवू मात्र नका. कुणी सांगावं, त्या गाण्याची तेवढी एकच प्रत उरली असेल!