तान्ह्या बाळाला हिरवी उलटी झाली तर थांबू नका

दूध पाजल्यावर बाळाने थोडे दूध बाहेर टाकणे नेहमीचेच. पण उलटी गवतासारखी हिरवी असेल तर ते पित्त असते. अशा वेळी 'नजर लागली' म्हणून दृष्ट काढत किंवा घुटी देत वेळ घालवू नये.

गर्भात वाढताना आतडी फिरून आपापल्या जागी स्थिरावतात. क्वचित एखाद्या बाळात हे फिरणे अर्धवट राहते. अशा आतड्यांना पीळ पडू शकतो, तोही बहुतेकदा जन्मानंतर पहिल्याच महिन्यात. पीळ पडला की रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांतच आतडे निकामी होऊ लागते. सुरुवातीला मात्र पोट मऊ लागते, साधा एक्स-रेही नॉर्मल येऊ शकतो. फसगत होते ती इथेच.

सोनोग्राफीत पोटातील रक्तवाहिन्या भोवऱ्यासारख्या गुंडाळलेल्या दिसल्या, तर पीळ ओळखता येतो. दुसऱ्या तपासणीत एक्स-रेवर दिसणारे द्रव बाळाच्या पोटात सोडून त्याची वाट पाहतात; पीळ असेल तर ती स्क्रूसारखी वळलेली दिसते. मग तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते. बोस्टनचे सर्जन विल्यम लॅड यांनी १९३६ मध्ये मांडलेली पद्धतच आजही त्यासाठी वापरतात.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात तपासण्या, उपचार आणि ने-आण मोफत आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा. उलटीचा डाग पडलेले दुपटे सोबत न्या, आणि उलटी हिरवी होती हे डॉक्टरांना सर्वांत आधी सांगा. 'सोनोग्राफी आज होईल का?' असे विचारायला संकोच करू नका. तो आपल्या बाळाचा हक्क आहे.