ढोल

ढोल : दोन्ही तोंडांवर कातडे ताणून बसविलेले, आतून पोकळ असे लाकडी किंवा धातूचे दंडगोलाकार वाद्य. तत, सुषिर, अवनद्ध व घन ह्या चार वाद्यवर्गांपैकी ते अवनद्ध, म्हणजे चामड्याने मढविलेल्या, वर्गात मोडते. मराठीत ह्या एका शब्दाभोवती वाद्य, पोकळ वस्तू, सैलपणा व गाजावाजा असे अनेक अर्थ जमले आहेत. इंग्रजीतील ड्रम ह्या शब्दाच्या अर्थांपैकी काही ढोलाकडे आले, तर काही डफ, नगारा, दवंडी, पिंप अशा शब्दांत वाटले गेले. मराठी व हिंदी ह्यांच्याबरोबर गोंडी व कोलामी ह्या द्राविडी बोलीही ज्या भागात नांदत आल्या, त्या वर्धा जिल्ह्यात ही वाटणी विशेष स्पष्ट दिसते.

ढोल हा शब्द संस्कृतात उशिराचा. वैदिक वाङ्‌मयात दुंदुभी आढळते. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात तिला उद्देशून ऋचा आहेत, तर महाव्रत ह्या विधीत जमिनीत खड्डा खणून त्यावर कातडे ताणीत आणि त्या भूमिदुंदुभीवर आघात करीत. पुढे पटह, पणव, आनक, भेरी, मर्दल ही नावे येतात. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्‌गदेवाने तेराव्या शतकात रचिलेल्या संगीतरत्नाकर ह्या ग्रंथाच्या वाद्याध्यायात पटह, हुडुक्का, ढक्का, डमरुक, निःसाण इ. वाद्यांची वर्णने आहेत. ढक्का ह्या शब्दाशी मराठीतील डाक हे नाव जोडले जाते. कमरेशी निमुळत्या असलेल्या ह्या वाद्याच्या साथीने विदर्भात म्हटल्या जाणाऱ्या गीतांना डहाक्याची गीते म्हणतात.

ढोल आणि फार्सी दुहुल ह्यांतील साम्य उघड आहे. परंतु कोणी कोणाकडून घेतला, ह्याविषयी विद्वानांत एकमत नाही. आघाताच्या ध्वनीवरून दोन भाषांत स्वतंत्रपणे सारखे शब्द बनू शकतात, ही अडचण सर्वच वाद्यनामांच्या बाबतीत येते. अरबी दफ व मराठी डफ ह्यांचा संबंध निश्चित मानला जातो. पण तेलुगूत त्याच प्रकारच्या वाद्यास डप्पू म्हणतात आणि ‘थाप मारणे’ ह्या अर्थाचे तत्सदृश शब्द द्राविडी भाषांत आहेत. तेव्हा वैदर्भी डफडे केवळ उत्तरेकडूनच आले असे ठामपणे म्हणणे धाडसाचे ठरेल. नगारा (अरबी नक्कारा, मूळ अर्थ ‘ठोकणे’), तबला (अरबी तब्ल) व ताशा (फार्सी तास म्हणजे वाडगे) ह्यांची कुळी त्या मानाने सरळ आहे. ही वाद्ये लष्कर व दरबार ह्यांच्या बरोबर आली, म्हणून त्यांची नावेही प्रतिष्ठेची राहिली. नगारखाना राजवाड्यावर असे, डफडे गावकुसाबाहेर.

ढोलाचा पोकळपणा हाच त्याच्या लाक्षणिक अर्थांचा पाया होय. झाडाच्या खोडातील पोकळ जागेस ढोली म्हणतात. अंगावर सैल बसणारे कपडे ‘ढोल’ ठरतात. मोठा आवाज हा दुसरा धागा. स्वतःचे ढोल बडविणे व डंका पिटणे ह्यांत आत्मस्तुती किंवा प्रसिद्धी अभिप्रेत असते. नगारखान्यात टिमकीचा आवाज म्हणजे बलवंतांपुढे दुर्बलाचे बोलणे. डांगोरा पिटणे ह्या प्रयोगातील डांगोरा आज कोणी पाहिलेला नसतो. तो शब्द कन्नड डंगुर ह्याच्याशी संबद्ध असून त्याचा मूळ अर्थ वाद्य वाजवून केलेली घोषणा असाच आहे. दवंडी ह्या शब्दाचेही नाते दक्षिणेकडे जाते; तमिळमध्ये तवंडै हे एका वाद्याचे नाव आहे. विदर्भात त्याच अर्थाने रूढ असलेला मुनादी हा शब्द मात्र अरबी असून त्याचा मूळ अर्थ ‘पुकारणारा’ असा आहे. म्हणजे एका बाजूने वाद्याचे नाव क्रियेला मिळाले, दुसऱ्या बाजूने माणसाचे.

दवंडी देणारा माणूस कोण असे, ह्याचा विचार केल्यावाचून ह्या शब्दांचा अर्थ पुरा होत नाही. सारा भरण्याची मुदत, बाजार, साथीचा रोग, सभा ह्यांची वर्दी गावचा कोतवाल डफडे वाजवून देई आणि हे काम परंपरेने महार समाजाकडे असे. लग्नकार्यात व सणांत वाजविण्याचे काम अनेक ठिकाणी मांग समाजाकडे असे. श्रावण अमावास्येच्या पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहत, झडत्या म्हटल्या जात आणि वाजंत्री वाजत. ज्यांच्या वाजविण्यावाचून मंगलकार्य सुरू होत नसे, त्यांना मात्र त्याच कार्याच्या मांडवात प्रवेश नसे. ह्या विसंगतीचे एक कारण कातड्यात सापडते. ढोल-डफाला कमावलेले चामडे चालत नाही; त्याला केस काढून, ताणून वाळविलेले कच्चे कातडे लागते. कमावलेले चामडे मऊ पडते व नाद देत नाही. मृत जनावर ओढून नेणे, सोलणे व कातडे तयार करणे ही कामे ज्यांच्यावर लादली गेली होती, त्यांच्याच हाती वाद्यही आले, आणि आवाज मंगल मानणाऱ्या समाजाने वाजविणारा हात अमंगल मानला.

वर्धा जिल्ह्यात ह्या प्रश्नाला दोन दिशांनी तोंड फुटले. जमनालाल बजाज ह्यांनी १९२८ मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले. वर्धा येथे १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाल्यानंतरच्या काळात जवळच्या नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकरांच्या देखरेखीखाली चर्मालय चालविण्यात आले. तेथे मृत जनावरांच्या कातड्याचे काम कार्यकर्त्यांनी स्वतःच्या हातांनी केले. दुसरी दिशा अधिक मूलगामी होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिकवणुकीने, आणि विशेषतः १९५६ च्या नागपूर येथील धर्मांतरानंतर, विदर्भातील अनेक गावांत पूर्वापार वतनी कामांबरोबर वाजविण्याचे कामही सोडून देण्यात आले. वाद्य नाकारणे हे येथे संगीत नाकारणे नव्हते. जे काम जन्माने नेमून दिले होते, ते नाकारणे होते. ध्वनिक्षेपक आल्यावर दवंडीचे डफडे मागे पडले हे खरे. तथापि केवळ यंत्रामुळे ते गेले असे म्हणणे अपुरे आहे.

ह्याच परिसरात एका लहान चर्मवाद्याला वेगळी प्रतिष्ठा लाभली. खंजिरी (वैदर्भी उच्चार खंजेरी) हे एकाच तोंडाचे, कडेला झांजेच्या चकत्या बसविलेले वाद्य. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेले तुकडोजी महाराज (१९०९–६८) खंजिरीवर भजने म्हणत गावोगाव हिंडले. १९३६ मध्ये ते सेवाग्राम येथे महात्मा गांधींच्या सहवासात राहिले. १९४२ च्या चिमूर-आष्टी आंदोलनानंतर त्यांना अटक झाली. चिमूर चंद्रपूर जिल्ह्यात, तर आष्टी वर्धा जिल्ह्यात आहे. त्यांच्या हातातील खंजिरी ही निरोप्याची नव्हती, तरी तिचे काम गाव एकत्र बोलाविण्याचेच होते.

ड्रम हा इंग्रजी शब्द सोळाव्या शतकातला, डच-जर्मन गटातील ट्रॉम, ट्रोमेल अशा ध्वन्यनुकारी शब्दांशी नाते असलेला. मराठीत तो मुख्यतः दोन अर्थांनी आला : बँडमधील वाद्य, आणि तेल, डांबर वा पाणी साठविण्याचे सुमारे २०० लिटरचे पत्र्याचे भांडे. दुसऱ्या अर्थाने मराठीत पिंप (पोर्तुगीज पिपा) हा शब्द आधीपासूनच होता. उन्हाळ्यात टँकरच्या वाटेवर ओळीने ठेवलेल्या भांड्यांना मात्र ‘ड्रम’ असेच म्हणतात. स्तंभाचा वर्तुळाकार दगडी खंड, घुमटाखालील गोल भिंत व कानाचा पडदा (कर्णपटल) ह्यांनाही इंग्रजीत ड्रम म्हणतात; शेवग्याच्या शेंगेचे तेथील नाव ढोलाच्या काठीवरून पडले आहे.

केवळ उच्चारसाम्याने फसविणारे शब्दही आहेत. हिमनदीने रचलेल्या लांबट टेकड्यांस ड्रम्लिन म्हणतात. तो शब्द ‘पाठ, कणा’ ह्या अर्थाच्या आयरिश द्रुइम ह्यावरून आला, त्याचा वाद्याशी संबंध नाही. औषधाच्या जुन्या मापातील ड्राम हा ग्रीक द्राख्‌मे ह्या नाण्याच्या नावाचा वंशज होय. त्याच मुळापासून प्राचीन भारतीय नाण्याचे द्रम्म हे नाव झाले. भास्कराचार्यांच्या लीलावतीत १६ पणांचा एक द्रम्म आणि १६ द्रम्मांचा एक निष्क असे कोष्टक आहे. हा द्रम्म आजच्या मराठीत दाम ह्या रूपाने शिल्लक आहे.