वढूची घरोघर मोजदाद

पुण्याहून नगर रस्त्याने कोरेगाव भीमा गाठलं की वढू बुद्रुक जवळच. महाराष्ट्राला हे गाव ठाऊक आहे ते छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे. लसींच्या चाचण्या करणाऱ्या डॉक्टरांना मात्र ते पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रामुळे माहीत असतं. केईएमच्याच डॉ. बानू कोयाजींनी सत्तरच्या दशकात इथे ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

२००२ पासून परिसरातल्या २२ गावांत कार्यकर्ते घरोघर फिरून जन्म, मृत्यू, स्थलांतर यांच्या नोंदी ठेवतात. काम कंटाळवाणं खरं, पण चाचणी उभी राहते ती याच वहीवर. सून बाळंतपणाला माहेरी जाते, सणसवाडीच्या कारखान्यातला भाडेकरू खोली सोडतो. लस घेतलेलं बाळ पुढच्या तपासणीला सापडलंच नाही, तर निष्कर्ष लंगडा पडतो.

लस देण्याआधी संमतीपत्र. आईवडिलांना वाचता येत नसेल तर ते मोठ्याने वाचून दाखवायचं, चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार समोर बसवायचा आणि मगच अंगठा घ्यायचा. मधेच कधीही बाहेर पडता येतं. बाहेर पडलं म्हणून नेहमीचे उपचार थांबत नाहीत. खेड्यात डॉक्टरांना ‘नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही. त्यामुळे ‘घरी विचारून सांगते’ म्हणत एखादी आई उठून गेली, तर माझ्या मते ती संमतीची प्रक्रिया नीट चालल्याचीच खूण.

रोटाव्हायरसच्या देशी लसीची मोठी चाचणी २०११ मध्ये दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याकडच्या या ग्रामीण भागात सुरू झाली. एकूण ६,७९९ तान्ही बाळं. दर तिघांपैकी दोघांना लसीचे थेंब, तर तिसऱ्याला लस नसलेले थेंब. कुणाला काय मिळालं हे आईला ठाऊक नाही, देणाऱ्यालाही नाही. पुढे जुलाब झाले की नमुना घ्यायचा. रोटाव्हायरसमुळे होणाऱ्या तीव्र जुलाबांपासून लसीने सुमारे ५४ टक्के संरक्षण दिलं. आकडा बेताचा वाटेल, पण ज्या देशात या जुलाबांनी हजारो मुलं दगावत होती तिथे तो थोडा नव्हे. २०१६ पासून ही लस सरकारी लसीकरणात आली.

मला जास्त मोलाची वाटते ती केईएमच्या संशोधकांनी पुण्याजवळच्या गावांत केलेली गोवराच्या लसीची चाचणी. सुईऐवजी मास्कमधून फवारा. बाळाने फक्त श्वास घ्यायचा. जमलं असतं तर टोचणारी प्रशिक्षित नर्स प्रत्येक वेळी लागली नसती. २,००४ बाळं, वय ९ ते १२ महिन्यांच्या आत. ९१ व्या दिवशी रक्त तपासलं, तर टोचलेल्या बाळांपैकी ९४.६ टक्क्यांत प्रतिकारशक्ती आढळली, फवारावाल्यांत ८५.४ टक्क्यांत. ५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालेल, असं आधीच ठरलं होतं. फवारा नापास झाला. एवढी वर्षं खर्ची घातलेल्या संशोधकांनी तो निकाल २०१५ मध्ये जगासमोर जसाच्या तसा मांडला.

गोवराची लस आजही सुईनेच देतात.