वुल्फ्सबर्ग ते निघोजे : एका छोट्या मोटारीची वाढ

फोक्सवॅगन कंपनीची पोलो ही मोटार २०२५मध्ये पन्नास वर्षांची झाली. मार्च १९७५मध्ये ती जर्मनीत बाजारात आली. डिसेंबर २००९मध्ये तिचे उत्पादन खेड तालुक्यात, निघोजे-म्हाळुंगे-खराबवाडीच्या शिवारात वसलेल्या चाकण औद्योगिक वसाहतीच्या तिसऱ्या टप्प्यात सुरू झाले आणि २०२२मध्ये तिथे थांबले. युरोपात पोलो अजूनही विकली जाते. आपल्याकडे ती जुन्या गाड्यांच्या बाजारात आणि मालकांच्या जिव्हाळ्यात उरली आहे. चाकणची पोलो का संपली, असे विचारले तर बहुतेक जण सांगतात की लोकांना आता उंच, एसयूव्ही पद्धतीच्या गाड्या हव्या आहेत. हे खरे आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे उत्तर मोजपट्टीत आहे.

पोलोचा जन्म अडचणीतून झाला. फोक्सवॅगनचे सारे वैभव बीटल या एका गाडीवर उभे होते. इंजिन मागे, तेही हवेने थंड होणारे, आणि आकार कासवासारखा. सत्तरीच्या सुरुवातीला त्या गाडीचा जोर ओसरू लागला, त्यात १९७३चे तेलसंकट आले. कंपनीने दोन-तीन वर्षांत सगळा संसारच बदलला : १९७३मध्ये पसाट, १९७४मध्ये गोल्फ, १९७५मध्ये पोलो. इंजिन पुढे आले, पाण्याने थंड होऊ लागले आणि ओढ पुढच्या चाकांना मिळाली. त्यातही पोलो मुळात फोक्सवॅगनची नव्हेच. ताब्यात असलेल्या आउडी कंपनीने १९७४मध्ये ‘आउडी ५०’ नावाची छोटी गाडी आणली होती; तिचीच साधी, स्वस्त आवृत्ती म्हणजे पहिली पोलो. स्वस्त धाकटीने महाग थोरलीचे गिऱ्हाईक नेले आणि १९७८मध्ये आउडी ५० बंद झाली.

या जातीच्या मोटारींचे गुपित इंजिनाच्या ठेवणीत आहे. इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने न ठेवता आडवे ठेवले आणि त्याची ताकद जवळच्याच पुढच्या चाकांना दिली, की बॉनेट आखूड करता येते. मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा लागत नाही, त्यामुळे गाडीच्या पोटात मधोमध उंचवटा येत नाही आणि तेवढी जागा माणसांना मिळते. १९५९च्या ब्रिटिश मिनीने ही युक्ती लोकप्रिय केली होती. मागचा उभा दरवाजा वर उघडणारा केला, डिकीचे वेगळे शेपूट काढून टाकले, की झाली हॅचबॅक. पहिली पोलो लांबीने साडेतीन मीटर, वजनाने सातशे किलोच्या आत आणि ताकदीने अवघी चाळीस अश्वशक्तीची होती. आजच्या नजरेला ती खेळण्यातली वाटेल.

मग ती वाढू लागली. दुसरी पिढी १९८१मध्ये, तिसरी १९९४मध्ये, चौथी २००१मध्ये, पाचवी २००९मध्ये आणि सहावी २०१७मध्ये आली. तिसऱ्या पिढीत तिला पहिल्यांदा मागच्या प्रवाशांसाठी स्वतंत्र दरवाजे मिळाले. (याच पिढीत कंपनीने लाल, निळ्या, पिवळ्या आणि हिरव्या पत्र्यांची ठिगळे जोडून ‘हार्लेक्विन’ नावाची विदूषकी पोलो काढली. जाहिरातीची ती गंमत लोकांनी मागून मागून घेतली!) तिसरी पोलो लांबीने १९७४च्या पहिल्या गोल्फपेक्षा काकणभर जास्तच होती. सहावी पोलो तर नव्वदीतल्या तिसऱ्या गोल्फलाही मागे टाकते. म्हणजे वीस-पंचवीस वर्षांत धाकटी बहीण थोरलीच्या मापात जाते, थोरली आणखी मोठी होते, आणि मोकळ्या पडलेल्या खालच्या पायरीवर कंपनीला नवे लेकरू बसवावे लागते. १९९८मध्ये लुपो आली ती अशीच.

ही वाढ केवळ हौसेची नाही. टक्कर झाल्यावर माणसाऐवजी गाडीने चेपावे, यासाठी पुढे-मागे चुरडणारा भाग लागतो. बाजूच्या धडकेसाठी दरवाजे जाड करावे लागतात. एअरबॅग, धूर शुद्ध करणारी यंत्रणा, वातानुकूलन यांनाही जागा लागते. शिवाय ज्याने तरुणपणी पोलो घेतली, तो दुसऱ्यांदा दुकानात येतो तेव्हा त्याच्या मागे दोन मुले असतात. प्रत्येक कारण रास्त आहे. सगळी मिळून गाडी वाढवतात.

आता आपल्याकडे येऊ. पोलो आली तेव्हा पिंपरी-चिंचवड मोटारींना नवखे नव्हते. टेल्कोचा पिंपरीचा कारखाना साठीच्या दशकातला. त्याच पिंपरीत इंडिका घडली. तिची बाह्यरेषा इटलीतल्या तुरीनच्या ‘इडेआ’ या संस्थेच्या मदतीने आखली गेली आणि जुळणीची यंत्रे ऑस्ट्रेलियातल्या निस्सानच्या बंद पडलेल्या कारखान्यातून जहाजाने आणली गेली. १९९८च्या डिसेंबरअखेर ती बाजारात आली, आणि २००३मध्ये ‘सिटीरोव्हर’ या नावाने थेट इंग्लंडात विकायला गेली. रोव्हर कंपनीच २००५मध्ये कोसळल्याने तो प्रयोग फार टिकला नाही. तरी युरोपी हॅचबॅक पुण्यात येण्याच्या सहा वर्षे आधी पुण्याची हॅचबॅक युरोपात पोचली होती, ही नोंद आपल्या औद्योगिक इतिहासात ठळक अक्षरांत असायला हवी. भोसरी, चिखली, तळवडे भागात पत्रा ठोकणारे, डाय बनवणारे, रबरी नळ्या आणि वायरिंग पुरवणारे शेकडो लहान कारखाने या साऱ्या वर्षांत तयार झाले होते. चाकणला येणाऱ्या परदेशी कंपन्यांनी जमीन पाहिली, रस्ता पाहिला, पण त्याहून जास्त हे कसब पाहिले असणार.

चाकण तोवर कांद्याच्या बाजारासाठी आणि १६६०मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्तेखानाविरुद्ध लढवलेल्या संग्रामदुर्गासाठी ओळखले जाई. नोव्हेंबर २००६मध्ये फोक्सवॅगनने राज्य सरकारशी करार केला. सुमारे ३,८०० कोटी रुपये खर्चून कारखाना उभा राहिला आणि ३१ मार्च २००९ रोजी त्याचे उद्घाटन झाले. आधी स्कोडाची फाबिया बाहेर पडली, वर्षाअखेर पोलो. परदेशातून पेट्यांत आलेले भाग जोडून गाडी उभी करण्याचा हा प्रकार नव्हता. पत्रा दाबण्यापासून सांगाडा जोडणे, रंग देणे आणि अंतिम जुळणीपर्यंत सारे एकाच आवारात होत होते.

पोलो चाकणला येऊ शकली, त्यामागे दिल्लीतला एक निर्णय होता. २८ फेब्रुवारी २००६ रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी छोट्या मोटारींवरचे उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. छोटी कोणती? जिची लांबी ४,००० मिलिमीटरपेक्षा जास्त नाही आणि जिचे इंजिन पेट्रोलचे असल्यास १,२०० घनसेंटिमीटरच्या व डिझेलचे असल्यास १,५०० घनसेंटिमीटरच्या आत आहे ती. पुढे दर बदलले, उत्पादनशुल्क जाऊन वस्तू व सेवा कर आला, सप्टेंबर २०२५मध्ये छोट्या गाड्यांचा कर १८ टक्के आणि मोठ्यांचा ४० टक्के झाला. पण चार मीटरची रेघ २००६पासून जागची हललेली नाही. भारतीय रस्त्यावरच्या गाड्यांची ठेवण ज्या एका आकड्याने ठरवली, तो हा आकडा.

पाचव्या पिढीची पोलो जर्मनीत आखली गेली तेव्हा तिची लांबी ३,९७० मिलिमीटर भरली. युरोपी गाडीची नैसर्गिक वाढ आणि भारतीय करकायदा यांची त्या एका पिढीपुरती गाठ पडली, तीही अवघे तीस मिलिमीटर राखून. इंजिन मात्र खास बेतावे लागले. तीन सिलिंडरचे १.२ लिटरचे पेट्रोल इंजिन आणि तेवढ्याच क्षमतेचे डिझेल इंजिन, दोन्ही सवलतीत बसणारी. ती थोडी खडखडत, आणि गाडीच्या भक्कम बांध्याला तोकडी पडत. २०१३मध्ये आलेल्या जीटी टीएसआयने यावर हुशार तोड काढली. करकायदा इंजिनाचे आकारमान मोजतो, ताकद नाही. म्हणून १,१९७ घनसेंटिमीटरच्या इंजिनाला टर्बो जोडला. टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो सिलिंडरमध्ये जास्त हवा दाबून भरतो, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त इंधन जळते. पंचाहत्तरच्या जागी एकशे पाच अश्वशक्ती मिळाली, आणि गाडी कायद्याने छोटीच राहिली. पोलोवर जीव टाकणाऱ्यांची जी जमात महाराष्ट्रात तयार झाली, ती मुख्यतः या गाडीची.

दरम्यान एक लाजिरवाणी गोष्ट उघडकीला आली. जानेवारी २०१४मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळून पाहिल्या. आल्टो, नॅनो, आय-टेन, फिगो आणि पोलो. प्रौढांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. युरोपात २००९मध्ये याच पिढीच्या पोलोला पाच तारे होते. फरक सांगाड्याचा नव्हता. चाचणीतही पोलोचा सांगाडा स्थिर राहिला, असाच निष्कर्ष निघाला. फरक एअरबॅगचा होता. सर्वांत स्वस्त भारतीय पोलोत त्या बसवलेल्याच नव्हत्या. कंपनीने लगोलग बिनएअरबॅगची पोलो विकणे बंद केले आणि दोन एअरबॅग असलेल्या पोलोला त्याच चाचणीत चार तारे मिळाले.

या घटनेकडे मी पोलोच्या भारतीय चरित्रातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग म्हणून पाहतो. तोच पत्रा, तोच कारखाना, तेच कामगार, आणि दोन पिशव्यांच्या खर्चाने शून्याचे चार झाले. त्या आधीच्या चार वर्षांत बिनएअरबॅगच्या पोलो रस्त्यावर उतरल्या, त्या कोणताही कायदा न मोडता. चालकासाठी एअरबॅग आपल्याकडे सक्तीची झाली ती २०१९मध्ये. सरकारने गाडीची लांबी मिलिमीटरमध्ये मोजली. आत बसलेल्या माणसाच्या छातीसमोर काय आहे, हे मोजायला आणखी तेरा वर्षे घेतली.

डिझेल इंजिनांच्या धुराच्या चाचणीत फसवणूक करणारी संगणकप्रणाली वापरल्याचे जे जागतिक प्रकरण २०१५मध्ये गाजले, त्याची झळ इथेही लागली. भारतात या समूहाच्या सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या, त्यांत डिझेल पोलोही होती. २०१९मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड सुनावला, पण सक्तीच्या कारवाईला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. एप्रिल २०२०मध्ये भारत स्टेज सहा ही मानके आली आणि डिझेल पोलो संपली.

त्याआधीच, २०१७मध्ये, युरोपात सहावी पोलो आली होती. लांबी ४,०५३ मिलिमीटर. आपल्या रेघेपेक्षा त्रेपन्न मिलिमीटर जास्त, म्हणजे जेमतेम तीन बोटे. बंपर छाटून ती बसवता आली नसती का? कंपनीला छाटणे माहीत होते. पोलोलाच डिकी जोडून केलेली अमिओ ही सेडान तिने २०१६मध्ये ३,९९५ मिलिमीटरमध्ये कोंबली होती. ती केवळ भारतासाठी होती, दिसायला शेपूट तुटल्यासारखी होती, आणि चार वर्षांत गेली. शिवाय नवी पिढी म्हणजे नवे डाय, नवे साचे, पुरवठादारांशी नवे करार. हा खर्च संख्येवर निघतो. बारा वर्षांत भारतात सुमारे तीन लाख पोलो विकल्या गेल्या, म्हणजे वर्षाला सरासरी पंचवीस हजार. तेवढ्या स्विफ्ट दोन महिन्यांच्या आत खपतात. माझ्या मते, लोकांची एसयूव्हीची ओढ नसती तरी हे गणित जुळले नसते.

म्हणून चाकणला पाचवीच पोलो चालू राहिली. तंजावरच्या मराठी घरांत इथे विसरलेली जुनी रूपे टिकून राहिली, तसेच काहीसे झाले : मूळ मुलुखात गाडी बदलली, दूरच्या वसाहतीत जुने वळण जपले गेले. दक्षिण आफ्रिकेतही कंपनी ‘पोलो व्हिव्हो’ या नावाने जुनी पिढी नव्या पोलोशेजारीच बनवत राहिली. चाकणच्या गाडीला मधूनमधून नवे बंपर, नवे दिवे, शेवटी एक लिटरचे टर्बो इंजिन मिळाले. मागच्या बाकावर तीन माणसे आधी अवघडत होती, तशीच अवघडत राहिली. एप्रिल २०२२मध्ये सातशे गाड्यांची ‘लेजंड’ आवृत्ती काढून कंपनीने निरोप घेतला.

कारखाना मात्र थांबला नाही. पोलोची सेडान बहीण व्हेंटो चाकणहून मेक्सिकोला जात होती. ज्या देशातल्या प्वेब्लात २००३मध्ये जगातली शेवटची बीटल बनली, त्याच देशाला निघोजेचे कामगार डाव्या बाजूच्या स्टिअरिंगच्या गाड्या पाठवत होते. व्हेंटोची जागा आता व्हर्टसने घेतली आहे. सहाव्या पोलोचा जो तांत्रिक पाया भारतात आला नाही, त्याचेच इथे बेतलेले रूप व्हर्टस, टायगुन, कुशाक आणि स्लाव्हिया या चाकणच्या गाड्यांखाली आहे. युरोपी बाजाराची पोलो बनवण्याचे काम २०२४मध्ये स्पेनच्या पांप्लोनातून दक्षिण आफ्रिकेच्या करिएगाला गेले, आणि सप्टेंबर २०२५मध्ये विजेवर चालणाऱ्या नव्या छोट्या मोटारीला ‘आयडी. पोलो’ हे नाव कंपनीने जाहीर केले. चाकणला त्याच पायावर स्कोडाची कायलाक ही उंच बांध्याची गाडी बनते. तिची लांबी ३,९९५ मिलिमीटर आहे.