केफिरच्या बरणीतील त्रैराशिक

दुधाला विरजण किती लावावे, हे बहुतेक घरांत कोणी मोजत नाही. हाताला अंदाज असतो. वॉटर केफिर करताना मात्र हा अंदाज चुकतो. साखरेच्या पाण्यात अर्धपारदर्शक, मऊ दाणे घालून ते आंबवले की हे आंबटगोड, किंचित फसफसणारे पेय तयार होते. एकाच घरात ते एकदा नुसतेच गोड, तर पुढच्या खेपेला व्हिनेगरसारखे का होते?

हे दाणे म्हणजे बिया नव्हेत. ती जीवाणू आणि यीस्ट यांची वसाहत असते. अशाच एका वसाहतीचा, 'जिंजर बिअर प्लँट'चा, सविस्तर अभ्यास हॅरी मार्शल वॉर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९२ साली प्रसिद्ध केला. दाण्याचा सांगाडा डेक्स्ट्रानचा, म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्यांचा असतो. आपली साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. काही जीवाणू ही जोडी तोडून ग्लुकोजची साखळी विणतात. म्हणून साखरेऐवजी ग्लुकोजची पूड घातली, तर पेय आंबेल, पण दाणे वाढणार नाहीत.

आम्ही वापरतो ते प्रमाण असे: पाणी १ लिटर, साखर ६० ग्रॅम, निथळलेले दाणे ६० ग्रॅम, एक सुके अंजीर आणि लिंबाची एक चकती. सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमानाला एक ते दोन दिवसांत पेय तयार होते. अंजिरातून यीस्टला नायट्रोजन व क्षार मिळतात. गंधकाची धुरी दिलेले बेदाणे टाळावेत, कारण सल्फाइटमुळे सूक्ष्मजीवांची वाढ रोखली जाते. फार मृदू पाण्यात आम्लता लवकर वाढते आणि दाण्यांची वाढ मंदावते.

यातील प्रत्येक घटकाचे काम वेगळे आहे. आंबण्याची क्रिया किती वेगाने होईल, हे मुख्यतः दाण्यांवर व तापमानावर ठरते. शेवटी आम्ल व अल्कोहोल जास्तीत जास्त किती होऊ शकेल, हे साखरेवर. येथेच चूक होते. खेपेगणिक दाणे वाढतात. ६० ग्रॅमचे १२० ग्रॅम झाले की तेवढीच साखर बरीच लवकर संपते आणि पेय आंबट होते. आम्हीही प्रथम साखर दुप्पट करून पाहिली. पेय गोड लागले खरे, पण बाटलीत भरल्यावर दुसऱ्या दिवशी झाकण उडाले. योग्य उपाय म्हणजे जास्तीचे दाणे काढून घेणे.

झाकण का उडाले, ते गणिताने पाहू. ३४२ ग्रॅम साखर यीस्टने पूर्ण आंबवली, तर १७६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड व १८४ ग्रॅम अल्कोहोल तयार होते. म्हणजे बंद बाटलीत केवळ १० ग्रॅम, सुमारे दोन चमचे, साखर उरली तरी ५ ग्रॅमहून अधिक वायू बनू शकतो. मोकळ्या हवेत तो सुमारे २.८ लिटर जागा व्यापेल. प्रत्यक्षात काही साखर आम्ले व डेक्स्ट्रान बनवण्यात खर्च होते, तरीही काचेची बाटली फुटण्याचा धोका राहतो. म्हणून बरणीवर घट्ट झाकण न लावता फडके बांधावे आणि तयार पेय थंड जागी ठेवावे.

वर्गात हा प्रयोग सहज करता येईल. तीन बरण्यांत प्रत्येकी २०० मिलिलिटर पाणी व १२ ग्रॅम साखर घ्यावी. दाणे अनुक्रमे ६, १२ आणि २४ ग्रॅम घालावेत. दिवसातून दोनदा पीएच कागदाने आम्लता तपासून आलेख काढावा. चमच्याऐवजी तराजू वापरावा, कारण शीग भरलेला आणि सपाट चमचा यांत बराच फरक पडतो. पेयात थोडे अल्कोहोल असते, तेव्हा मुलांना चव घेऊ देऊ नये. कोणती रेघ आधी खाली उतरेल, याचा अंदाज मात्र त्यांना प्रयोगाआधीच वहीत लिहायला सांगावा.