परस कोंबड्यांचा, पाखरांचाही

घरामागच्या परसात पाच-सहा कोंबड्या आणि कुंपणावर बुलबुल, सातभाई, चिमण्या, हे गावाकडचे नेहमीचे चित्र. या सगळ्यांचे पोट भरेल अशी बाग लावायला फार खर्च येत नाही. झाडे विचारपूर्वक निवडावी लागतात, इतकेच.

आम्ही उंचीला शेवगा, तुती आणि पेरू लावतो. शेवग्याच्या फुलांवर शिंजीर येतात. तुतीची फळे बुलबुल वर खातात, खाली पडलेली कोंबड्या टिपतात. शेवग्याचा पाला चिरून टाकला तर तोही त्या खातात. मध्ये जास्वंद, अडुळसा आणि करवंदीची जाळी. घार किंवा शिकरा आला की कोंबडी पिलांना घेऊन या जाळीत शिरते. जमिनीवर वाळलेला पाला पसरावा. त्याखाली गांडुळे, किडे, वाळवी होतात आणि कोंबड्या दिवसभर उकरत राहतात. रोपांच्या बुंध्याशी मात्र दगड रचावेत, नाहीतर मुळे उघडी पडतात. कण्हेर आणि घाणेरी विषारी आहेत, ती परसात नकोत.

औषध फवारू नये. चिमणी स्वतः दाणे खाते, पण लहान पिलांना किडे-अळ्याच भरवते. किडे मेले तर नुसत्या दाण्यांवर तिची पिले जगत नाहीत.

एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. मानमोडी, म्हणजे राणीखेत, या रोगाला औषध नाही, फक्त लस आहे. हा रोग आणि बर्ड फ्लू रानपाखरांकडूनही येऊ शकतो. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. अंड्यांचे चार पैसे ही अनेक घरांत बाईच्या हातची कमाई असते. एका साथीत खुराडे रिकामे होते. म्हणून बाग एक असली तरी ताटे वेगळी ठेवावीत. कोंबड्यांचे दाणापाणी छपराखाली, पाखरांचे पाणी दूर आणि उंचावर ठेवावे. भांडी रोज धुवावीत. पिलांना पहिल्या आठवड्यातच लसीसाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. एकाएकी पक्षी मरू लागले तर त्यांना हात न लावता तिथेच कळवावे.

लावलेल्या झाडाचे माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले तर तो लावणाऱ्याचा सदका ठरतो, असे पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. शेवगा आणि तुती दोन्ही फांदीपासून लागतात. पहिला पाऊस पडला की शेजारच्या घरून एकेक फांदी मागून आणावी, मुलांच्या हातून लावून घ्यावी.